'सिंग स्ट्रीट'चा शेवट खरा धरायचा की पोराच्या डोक्यातला? (सगळे स्पॉयलर आहेत)

अर्धीचहा:
काल रात्री धाकट्या बहिणीसोबत 'सिंग स्ट्रीट' हा पिक्चर बघितला आणि तेव्हापासून आमच्यात जुंपलीय म्हणून हा धागा. ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, पुढे सगळं फोडलंय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगते. १९८५ चं डब्लिन. कॉनर पंधरा वर्षांचा, घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे आईबाप त्याला महागड्या शाळेतून काढून सिंज स्ट्रीटवरच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या (कॅथलिक धर्मबंधूंच्या) शाळेत टाकतात. तिथे वर्गात दंगा, मैदानात मारामारी, आणि बूट काळे नाहीत तपकिरी आहेत म्हणून प्रिन्सिपल त्याला नुसत्या मोज्यांवर फिरायला लावतो. शाळेसमोरच्या पायरीवर रोज एक मुलगी उभी असते, राफिना, हिला मॉडेल व्हायला लंडनला जायचंय. हा पठ्ठ्या रस्ता ओलांडून तिला थाप मारतो की आमचा बँड आहे, आमच्या व्हिडिओत काम करशील का. ती बरं म्हणते आणि मग याची पळापळ, कारण बँडच नाहीये! तो सगळा बँड जमवायचा भाग म्हणजे नुसती धमाल, तो ससे पाळणारा एमन तर माझा फेव्हरेट, घरात सगळी वाद्यं आणि सगळी वाजवता येतात आणि चेहऱ्यावर काहीही नाही.

तर शेवटी हे दोघं आजोबांच्या छोट्याशा मोटरबोटीतून डब्लिनजवळच्या डाल्कीवरून थेट इंग्लंडच्या दिशेने निघतात. पाऊस, लाटा, समोर एकदम भलीमोठी फेरी (प्रवासी जहाज) येते, त्यातून वाचतात आणि तिच्या मागे मागे जातात. संपला पिक्चर. बहिणीचं म्हणणं, हे खरं घडतच नाही, पोरगा स्वप्न बघतोय, नाहीतर पुढच्या दहा मिनिटांत दोघं बुडणार. माझं म्हणणं की बाई तू जरा रोमँटिक हो, ते पोचले. तुम्हाला काय वाटतं? आणि असे गाण्याबजावण्यावरून जुळणाऱ्या पोरापोरींचे छोटे पिक्चर अजून असतील तर सुचवा, मोठे झगमगाटवाले नकोत.

लिफीकाठचा:
कामानिमित्त डब्लिनात राहतो त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो :) आधी व्यवहाराचं बोलू. डाल्कीशेजारच्या डन लेरीच्या बंदरातून पलीकडे वेल्समधलं होलीहेड साधारण १०० किलोमीटर भरतं. हवा अगदी स्वच्छ असेल तर इकडच्या किनाऱ्यावरून वेल्सचे डोंगर पुसटसे दिसतात पण दिसतात म्हणजे जवळ आहेत असं नाही, आयरिश समुद्र हा काय तळ्यातला नौकाविहार नव्हे, आणि ती बोट म्हणजे डाल्की बेटावर पिकनिकला जायची बोट, किनाऱ्यापासून बेट इतकं जवळ आहे की बंदरावरून तिथल्या शेळ्या दिसतात. तेव्हा बहिणीची शंका रास्त आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या काळी डन लेरीवरून सुटणारी ती फेरी म्हणजे इथल्या लोकांसाठी नुसतं जहाज नव्हतं. ८० च्या दशकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती. शाळा संपली की पोरं बॅग भरून त्या फेरीत बसायची आणि लंडन गाठायची, बरीचशी परत यायचीच नाहीत. पिक्चरच्या सुरुवातीला टीव्हीवर तीच बातमी चालू असते बघा. आता तिथून फेरी सुटत नाही, २०१४ नंतर बंदच झाली, डब्लिन पोर्टवरून जातात सगळ्या. पण साठीतल्या ऑफिसवाल्यांना विचारलं तर प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी त्या बोटीने गेलेलं असतं. त्यामुळे ते दोघं फेरीच्या 'मागून' जातात हे मला लय आवडलं. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून आपल्या बोटीतून, पण रस्ता तोच ज्याने आख्खी पिढी गेली.

अवांतर: शाळा खरी आहे, रस्ता खरा आहे, बर्नार्ड शॉ त्याच रस्त्यावर जन्मला. दिग्दर्शक जॉन कार्नी स्वतः त्याच शाळेत होता. आणि तो प्रिन्सिपल ब्रदर बॅक्स्टर पोराचा मेकअप पुसायला त्याचं डोकं बेसिनमध्ये दाबतो तो सीन आठवतोय? आयर्लंडमध्ये शाळेत मारायला बंदी १९८२ सालीच आली होती. म्हणजे हे चाललंय ते कायद्याने बंद झाल्यावर तीन वर्षांनी, आणि कोणी चकार शब्द काढत नाही. पिक्चर हे बोलून दाखवत नाही पण इथल्या लोकांना बरोबर कळतं.

बी_साइड:
लिफीकाठचा, भारी माहिती. पण समुद्र किती रुंद यावरून शेवट ठरवायचा नसतो हो. कार्नीने स्वप्न कसं शूट करतो ते पिक्चरमध्येच आधी दाखवून ठेवलंय की. 'ड्राइव्ह इट लाइक यू स्टोल इट' हे गाणं आठवा. शाळेच्या हॉलमध्ये व्हिडिओ काढायचा असतो, कॉनरला अमेरिकन प्रॉम (शाळेतली नाचाची पार्टी) हवाय 'बॅक टू द फ्यूचर'सारखा, आणि आलेत कोण तर चार शाळकरी पोरंपोरी ज्यांना धड नाचता येत नाही. गाणं सुरू होतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळं बदलतं, झगमग कपडे, लाइटिंग, पन्नासच्या दशकातले केस, आईबाप एकमेकांच्या मिठीत नाचतायत, मोठा भाऊ मोटरसायकलवरून हिरोसारखी एन्ट्री घेतो, बॅक्स्टर उलट्या उड्या मारतो, राफिना दारात उभी. मग गाणं संपतं आणि कट. तोच कळकट हॉल, तीच पोरं, राफिना आलेलीच नाही.

हा असा कट दिग्दर्शकाने एकदा दाखवला म्हणजे त्याने आपल्याशी करार केला की स्वप्न असेल तेव्हा मी तुम्हाला परत जमिनीवर आणीन. शेवटच्या सीनला तसा कट नाही. आणि ते स्वप्नासारखं दिसतही नाही, पाणी तोंडावर येतंय, केस चिकटलेत, मुलगी भेदरलेली आहे. स्वप्नात कोणी इतकं भिजत नाही. म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूने, ते खरंच निघालेत. पोचले की नाही ते दाखवलेलं नाही कारण पिक्चर निघण्याबद्दल आहे.

आता अजून एक. त्या स्वप्नात त्याला काय हवंय ते नीट बघा. मुलगी आहेच, पण त्याहून जास्त जागा आईबाप एकत्र आणि भाऊ हिरो याला दिलीय. पंधरा वर्षांच्या पोराचं रॉकस्टार व्हायचं स्वप्न आणि त्यात गर्दी कुणाची तर घरच्यांची. त्यामुळे मला ही लव्हस्टोरी वाटतच नाही, म्हणजे आहे, पण वरवरची.

कॅसेटमामा:
बी_साइड यांच्याशी शंभर टक्के सहमत, मी हेच लिहायला लॉगिन केलं.

हा पिक्चर ब्रेंडनचा आहे. मोठा भाऊ, कॉलेज सोडलेला, दिवसभर घरात, गांजा ओढतो, घराबाहेर पडायची हिंमत संपलेली. पण रात्री धाकट्याला एलपी लावून शिकवणी घेतो, आज हे ऐक, उद्या ते ऐक. आणि मजा बघा, दुसऱ्या दिवशी कॉनरचं गाणंही तसंच निघतं आणि कपडेही. टीव्हीवर ड्युरान ड्युरान बँडचं 'रिओ' बघितलं की लगेच 'रिडल ऑफ द मॉडेल' आणि त्या गल्लीत काढलेला तो महाविनोदी व्हिडिओ, घरातून मिळतील ते कपडे घालून. मग द क्युअर हा बँड ऐकला की केस पिंजारलेले आणि गाणं एकदम उदास-आनंदी. हॉल अँड ओट्सचं 'मॅनईटर' ऐकलं की 'ड्राइव्ह इट'चा ठेका. ज्याने ही गाणी लिहिलीत तो गॅरी क्लार्क, डॅनी विल्सन नावाच्या बँडचा, १९८७ मध्ये 'मेरीज प्रेयर' हिट झालं होतं ते त्यांचंच. म्हणजे त्या काळातला माणूस धरून आणलाय म्हणून ती गाणी नकली वाटत नाहीत, आणि बाहेरून बघून केलेली चेष्टाही वाटत नाही.

आणि घरातली स्थिती बघा. आईबाप रोज भांडतात, भिंतीपलीकडून आवाज येतो, कॉनर गिटार घेऊन त्याच भांडणातली वाक्यं गाण्यात बसवतो, सुरुवातच ती आहे. पण कायद्याने लग्न मोडता येत नाही कारण आयर्लंडमध्ये तेव्हा घटस्फोटाला घटनेतच बंदी होती. १९८६ ला सार्वमत घेतलं तर लोकांनी नको म्हटलं, १९९५ ला परत घेतलं तेव्हा जेमतेम ५०.२८ टक्क्यांनी पास झालं, नऊ हजारांच्या आसपास मतांचा फरक. म्हणजे ब्रेंडन धाकट्यांना जिन्यावर बसवून समजावतो ना की आईबाबा वेगळे राहणार, तेव्हा वेगळे राहिले तरी कायद्याने ते नवराबायकोच राहणार.

मग तो भडकतो तो सीन. सांगतो की मी पहिला, या वेड्या घरात एकटा वाढलो, जंगल मी तोडलं, तू माझ्या मागून आयता आलास, मी एकेकाळी जेट इंजिन होतो आणि लोक तुझं कौतुक करतात. ब्रेंडन झालेल्या जॅक रेनरने काय केलाय तो सीन! आवाज चढतो पण धाकट्याचा राग नाहीये त्यात, स्वतःचा आहे.

आमच्याकडे हेच. दादाने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. तोवर स्टेशनजवळच्या एका दुकानात यादी दिली की कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून मिळायची, दादा वहीच्या पानावर दोन्ही बाजूंची गाणी आणि मिनिटं लिहून बेरीज करून द्यायचा, बाजू संपताना गाणं तुटायला नको म्हणून. त्यावर मी शिकलो. पुढे गणपतीत, गॅदरिंगला मी गायचो, आणि स्पीकरच्या वायरी दादा जोडायचा. लोक मला म्हणायचे हे कुठून शिकलास रे, मी सांगायचो असंच. दादा तिथेच असायचा. असो, फार लांबलं.

शेवटी किनाऱ्यावर त्यांना सोडल्यावर ब्रेंडन एकटा जो आनंदाने हवेत मूठ मारतो तो पिक्चरचा खरा शेवट. पुढे पडद्यावर लिहून येतं की जगातल्या सगळ्या भावांसाठी. आता सांगा लव्हस्टोरी कोणाची.

निंबोणी:
सगळे दादालोक भावुक झालेत त्यामुळे विरोधी पक्षात कोणीतरी बसायला हवं.

पिक्चर मलाही आवडतो, गाणी तर फोनमध्ये आहेत. पण राफिनाचं काय? अख्खा पिक्चर ती कुणाच्या तरी व्हिडिओत उभी राहते. मेकअप ती करते, कपड्यांचं ती बघते, म्हणजे बँडची अर्धी मेहनत तिची, आणि गाणी मात्र 'तिच्यावर'. समुद्रातला सीन घ्या. व्हिडिओसाठी ती खरंच पाण्यात उडी मारते, पोहता येत नसताना, आणि वर सांगते की कलेत अर्धवट काही करायचं नसतं. सगळे टाळ्या वाजवतात हा सीन बघून. मला वाटतं की बाई बुडाली असतीस, आणि त्या पोराला एक शॉट मिळाला असता! मग ती मोठ्या वयाच्या बॉयफ्रेंडबरोबर लंडनला जाते, तो हात उचलतो, ती परत येते, हे सगळं पडद्यामागे. दोन वाक्यांत आटपलं. कॉनरच्या तपकिरी बुटांना याहून जास्त वेळ दिलाय.

आणि एनगिग. शाळेतला एकटा काळा मुलगा, तो काळा आहे म्हणजे त्याला वाजवता येतच असणार असं म्हणून हे त्याच्या घरी जातात. तो जोक पोरांच्या अडाणीपणावर आहे हे कळतं मला, ठीक आहे. पण नंतर त्या मुलाला पिक्चर काय देतो? कीबोर्डमागे उभं राहायला. बँडमधल्या बाकीच्या दोघांची नावं इथे कोणी न बघता सांगून दाखवावीत.

बी_साइड म्हणतात तो करार वगैरे ठीक, पण मुलीला स्वतःचं एक गाणंही नाही तर ती कुठे पोचली काय आणि नाही काय.

धागाकर्तीने मागितलंय म्हणून सांगते, 'निक अँड नोराज इन्फिनिट प्लेलिस्ट' बघा. २००८ चा, पीटर सोलेटचा, मायकल सेरा आणि कॅट डेनिंग्ज. न्यूयॉर्कमधली एक रात्र, एक आवडता बँड कुठेतरी गुपचूप शो करणार आहे आणि हे त्याला शोधत फिरतात, बस एवढंच. निक त्याच्या जुन्या गर्लफ्रेंडला सीडी भरून भरून देत असतो, ती त्या टाकून देते आणि नोरा त्या कचऱ्यातून उचलून ऐकते. म्हणजे तो कोण हे माहीत नसताना तिला त्याची निवड आवडलेली असते. इथे मुलीलाही कान आहेत! ती त्याला ऐकते, त्याच्याशी वाद घालते. आणि त्याची ती पिवळी खटारा युगो गाडी, लोक टॅक्सी समजून आत येऊन बसतात, मी हसून मेले होते. एक मैत्रीण प्यायलेली हरवते तो ट्रॅक जरा किळसवाणा आहे, च्युइंगगमचं प्रकरण जेवताना बघू नका.

लिफीकाठचा:
निंबोणी, राफिनाबद्दल पटलं बरंचसं. फक्त एक, ती राहते ते मुलींचं होस्टेल-कम-अनाथालय, बाप गेलेला, आई दवाखान्यात आत-बाहेर. तिच्याकडे लंडनची बढाई सोडून काहीच नाहीये आणि ते कॉनरला उशिरा कळतं. मेकअपशिवाय ती पहिल्यांदा दिसते तो सीन परत बघा, राफिना झालेल्या लूसी बॉयंटनने आवाजसुद्धा बदललाय. तीच पुढे 'बोहेमियन रॅप्सडी'त क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीची मैत्रीण मेरी झाली.

आणि कार्नीचा 'वन्स' कोणी कसा काय सुचवला नाही अजून? २००७, इथल्याच ग्राफ्टन स्ट्रीटवर गिटार वाजवणारा एक बाप्या आणि चेक मुलगी. शूटिंग १७ दिवसांत, बजेट दीड लाख डॉलरच्या आसपास, लांबून लेन्स लावून काढलंय त्यामुळे मागून जाणाऱ्या लोकांना पिक्चर चाललाय हेच माहीत नाही. दोघंही मूळचे नट नव्हेत, गाणारे. ग्लेन हॅन्सार्डच्या द फ्रेम्स बँडमध्ये कार्नी स्वतः आधी बास वाजवायचा, ओळख तिथली. त्यातल्या 'फॉलिंग स्लोली'ला ऑस्कर मिळालं. ते पहिल्यांदा गातात ते वाद्यांच्या दुकानात, ही पियानोवर, तो शेजारी बसून कॉर्ड सांगतो, आता इथे सी, आता एफ, आणि तीही सूर लावते. निंबोणी, इथे मुलीला स्वतःचं गाणं आहे, मध्यरात्री सीडी प्लेयरचे सेल संपतात म्हणून दुकानात जाऊन सेल आणते आणि रस्त्याने चालत चालत शब्द बसवत गाते, एका शॉटमध्ये.

फक्त तो विनोदी नाही फारसा. व्हॅक्यूम क्लीनर नळीला धरून कुत्र्यासारखा ओढत नेते तेवढंच.

बी_साइड:
'वन्स' +१. निंबोणी, एनगिगबद्दल मुद्दा मान्य, राफिनाबद्दल अर्धा मान्य. पण पिक्चर कॉनरच्या डोळ्यांतून आहे आणि पंधरा वर्षांच्या पोराला समोरची मुलगी पोस्टरसारखीच दिसते, ती माणूस आहे हे कळणं हाच त्याचा प्रवास नाही का? 'टू फाइंड यू' हे गाणं तोपर्यंत येत नाही जोपर्यंत तो तिला मेकअपशिवाय बघत नाही.

निंबोणी:
त्याचा प्रवास. बरोबर. तेच म्हणतेय मी.

अर्धीचहा:
वा, एवढे प्रतिसाद! बहिणीला वाचायला दिलं. ती म्हणते की बी_साइड यांचा कटवाला मुद्दा चांगला आहे पण फेरी येते तिथेच तिला संशय आला कारण बोट एवढी जवळून जाऊनही उलटत नाही. आणि कॅसेटमामांचं वाचून ती गप्प झाली, मी मोठी ना. माझ्या जुन्या आयपॉडवर वाढलीय ती आणि आता मला म्हणते तुझी गाणी म्हाताऱ्यांची आहेत.

शनिवारी 'निक अँड नोरा' लावतोय, 'वन्स' मी एकटी बघेन, तिला रडके चालत नाहीत. ग्लासगोवाला 'गॉड हेल्प द गर्ल' कोणी बघितलाय का, २०१४ चा, बेल अँड सबॅस्टियन बँडच्या स्टुअर्ट मर्डॉकने काढलेला? त्यात म्हणे मुलगीच गाणी लिहिते.

निंबोणी:
बघा बघा. गाणी एक नंबर, कपडे त्याहून छान, स्टोरी मध्ये मध्ये झोपते. पण हो, ती लिहिते आणि बाकीचे वाजवतात.

ढोलताशा_रिटायर्ड:
उशिरा आलो. शेवट खरा की खोटा ते तुम्ही ठरवा, मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. ब्रेंडन म्हणतो ना की फिल कॉलिन्स (तो ड्रमर-गायक) ऐकणाऱ्या पुरुषावर कुठलीही बाई खरं प्रेम करू शकत नाही. राफिनाच्या बॉयफ्रेंडच्या गाडीत तो वाजतो आणि तेवढ्यावरून हा बिचाऱ्याचा निकाल लावतो! अहो ड्रम वाजवणाऱ्या माणसाने हे ऐकून गप्प कसं बसायचं? 'इन द एअर टुनाइट'मधला तो ड्रमचा तुकडा येतो तेव्हा टेबल न बडवणारा माणूस मला दाखवा. निषेध.

कॅसेटमामा:
ढोलताशा, दादाच्या यादीत होतं ते. दुसऱ्या बाजूला, पहिलंच.

निंबोणी:
आणि वहिनी होत्या का तेव्हा? :D

कॅसेटमामा:
नव्हत्या. ब्रेंडनला एक मार्क द्या.

ढोलताशा_रिटायर्ड:
माझं लग्न झालंय, बावीस वर्षं. बायकोला विचारून सांगतो.